गाभाऱ्याची पायरी आणि बंदुकीचा घोडा

२५ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट सॅम्युएल कमलेसन यांची बडतर्फी कायम ठेवली. रेजिमेंटच्या देवळात आणि गुरुद्वारात अगदी आतपर्यंत जायला हा प्रोटेस्टंट अधिकारी तयार नव्हता. बरोबर दहा दिवसांनी, ५ डिसेंबरला, जर्मन संसदेने लष्करी सेवेचा नवा कायदा मंजूर केला. जर्मनीत राहणाऱ्या आम्हा कोकणी ख्रिस्ती घरांवर त्यामुळे दोन वाद एकदमच येऊन पडले. सावंतवाडी, वेंगुर्ले, वसईहून फोनवर विचारतात, ख्रिस्ती माणूस सैन्यात टिकतो का? इथे अठराव्या वर्षात आलेला मुलगा विचारतो, ख्रिस्ती माणसाने सैन्यात जावं का? ऐकायला दोन्ही प्रश्न सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचं कूळ वेगळं आहे. गावाकडे पहिल्याच प्रश्नावर एवढा घसा बसलाय की दुसरा कुणी काढतच नाही, आणि माझ्या मते खरा अवघड प्रश्न दुसराच आहे.

आधी प्रकरण, कारण गावात ते निम्मंच पोचलंय. कमलेसन मार्च २०१७ मध्ये ३ कॅव्हलरीत अधिकारी म्हणून रुजू झाले. त्यांच्या हाताखाली शीख जवान होते. रेजिमेंटमध्ये मंदिर होतं, गुरुद्वारा होता. सर्व धर्मांसाठी मिळून एक जागा असते तशी नव्हती, इगर्जी, म्हणजे चर्चही नव्हतं. दर आठवड्याला धार्मिक परेड होई. त्यांचं म्हणणं असं की आपण जवानांबरोबर जात होतो, पादत्राणं काढून अंगणात उभे राहत होतो, सूट मागितली ती फक्त सर्वांत आतल्या भागात पूजा चालते तिथे जाण्यापुरती. लष्कराचं म्हणणं असं की इतर ख्रिस्ती अधिकाऱ्यांनी समजावलं, पास्टरनेही यात श्रद्धा मोडत नाही असं सांगितलं, तरी ते ऐकेनात. आणि नेता दाराशी थांबला तर तुकडीची एकी सैल होते. मार्च २०२१ मध्ये कोर्ट मार्शल न करता बडतर्फी झाली. ३० मे २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने हा धर्माचा नसून हुकूम मोडल्याचा प्रश्न ठरवला.

कायद्याच्या अंगाने यात धक्का बसण्यासारखं फार नाही. सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना कात्री लावायची मुभा घटनेचा ३३ वा अनुच्छेद संसदेला देतो. १९८५ मध्ये केरळातल्या यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढलं होतं, कारण ती राष्ट्रगीताला उभी राहत पण गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं: आदराने उभं राहिलं की पुरे. हाच न्याय वर्दीला लागू झाला नाही.

कोकणातल्या माणसाला या बातमीतला ‘गाभारा’ हा शब्द चकवतो. आपल्याकडे गाभाऱ्यात गुरव जातो. बाकी गाव सभामंडपात. हिंदू मानकरीसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच हात जोडतो. जत्रेला आलेला ख्रिस्ती शेजारी मंडपाच्या खांबाला टेकून गाऱ्हाणं संपेपर्यंत उभा राहतो, ‘व्हय म्हाराजा’च्या वेळी गप्प राहतो, आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. उलट्या दिशेने, वाटेवरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, हिंदू बाई मेणबत्ती लावून पुढे जाते. (वसई १७३९ मध्ये पडल्यावर पोर्तुगिजांच्या घंटा देवळांत गेल्या, त्याही आरतीला वाजतातच.) त्यामुळे ‘गाभाऱ्यात नाही गेला तर काय झालं?’ हे आपल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं अगदी प्रामाणिक असतं. पण पलटणीत अधिकाऱ्याला खांबाला टेकून उभं राहता येत नाही. तिथे यजमानपण त्याच्याकडे येतं.

म्हणून ‘देवळात जाणं’ ही एकच कृती नाही, ती सुटी करून पाहायला हवी. पादत्राणं काढणं, डोकं झाकणं, उभं राहणं, टिळा लावून घेणं, प्रसाद खाणं, ताट ओवाळणं. कॅथलिक नीतिशास्त्र या प्रत्येकाचं वजन वेगळं करतं. १९१७ च्या धर्मसंहितेतला १२५८ वा नियम अन्य उपासनेत सक्रिय भाग घ्यायला मनाई करत होता, पण पदामुळे किंवा मान राखण्यासाठी अंत्यविधी, लग्न अशा प्रसंगी नुसतं हजर राहायला सूट देत होता. म्हणजे उभं राहणं अलीकडे, ओवाळणं पलीकडे. प्रसाद मधोमध लटकतो; मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावरून करिंथच्या मंडळीत एवढं भांडण होतं की पौलाला पहिल्या पत्रात त्यावर दोनदा लिहावं लागलं. त्या अधिकाऱ्याने आखलेली रेघ साधारण जुन्या कॅथलिक रेघेवरच पडते. तिला कट्टरपणा म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी ही संहिता एकदा चाळायला हवी.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. ५ मे १९३२ ला तोक्योच्या सोफिया या जेझुइट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा लष्करी प्रशिक्षक यासुकुनी या युद्धात मेलेल्यांच्या शिंतो देवस्थानात घेऊन गेला. दोनतीन कॅथलिक मुलांनी मान लववली नाही. लष्कर खवळलं, प्रशिक्षक काढून घेण्याची भाषा झाली. तोक्योच्या आर्चबिशपांनी शिक्षण खात्यालाच लेखी विचारलं, की हे वंदन धर्म आहे का? उत्तर आलं, ही देशभक्ती आणि निष्ठेची खूण आहे. त्या उत्तराच्या आधारावर १९३६ मध्ये रोमने जपानी कॅथलिकांना अशा वंदनाची परवानगी दिली. पुढच्या नऊ वर्षांत जपानी सैन्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ही परवानगी आज कुणी फार अभिमानाने सांगत नाही. पण तिच्यातली पद्धत घेण्यासारखी आहे: कृतीचा अर्थ काय, हे आधी सत्तेकडून लेखी घ्या, मग रेघ आखा. आपल्याकडे ते कुणी घेतलेलं नाही. परेड ही पूजा आहे की हजेरी, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीने बदलतं.

बायबलमधला सगळ्यात जवळचा उतारा वादात कुणी काढत नाही, याचं मात्र नवल वाटतं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पाचव्या अध्यायात अरामी सेनापती नामान कुष्ठातून बरा होतो, यापुढे परमेश्वरालाच मानीन म्हणतो, आणि लगेच एक अडचण सांगतो: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो, तेव्हा मलाही नमावं लागतं, तेवढी क्षमा असावी. संदेष्टा अलीशा म्हणतो, शांतीने जा. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नामान क्षमा मागतो, म्हणजे त्याला ते खुपतंय. संदेष्टा त्याला नोकरी सोडायला लावत नाही, म्हणजे ते न पेलण्याजोगंही नाही. पण हे नामानाला नामानापुरतं सांगितलेलं आहे. त्यावरून दुसऱ्याला ‘तूही नम’ असा हुकूम काढता येत नाही.

मागे वळून पाहिलं तर रोमन काळातच दोन तऱ्हांचे नकार दिसतात. साधारण २११ साली तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने एका शिपायाची हकिगत लिहिली. बक्षीसवाटपाला सगळे लॉरेलच्या पानांचे मुकुट डोक्यावर घालून उभे, हा एकटा मुकुट हातात धरून. आणि त्याच्यावर सर्वांत जास्त चिडले ते इतर ख्रिस्ती: चांगली शांतता होती, यानेच बिघडवली. दुसरा नकार २९५ सालचा, आजच्या अल्जीरियातल्या तेबेसाचा. एकवीस वर्षांच्या मॅक्सिमिलियनला भरतीसाठी उभं करून माप घेतलं, पाच फूट दहा इंच भरलं. गळ्यात शिपाईगिरीचा शिशाचा बिल्ला घालायला त्याने नकार दिला. अधिकारी दिओन म्हणाला, बादशहांच्या पहाऱ्यातही ख्रिस्ती सैनिक आहेत. पोरगा म्हणाला, त्यांना काय योग्य ते त्यांना माहीत. मी ख्रिस्ती आहे, मला वाईट करता येत नाही. त्याचा शिरच्छेद झाला.

मुकुटवाला सैन्यात होता, त्याला पूजा नको होती. बिल्लेवाल्याला सैन्यच नको होतं. कमलेसन पहिल्या रांगेत बसतात. आपल्याकडचा सगळा वाद मुकुटाचा आहे.

आणि मुकुटाच्या बाबतीत जर्मनी अगदी सोपं उत्तर देऊन मोकळी झाली आहे. सैनिक कायद्याचं ३६ वं कलम सांगतं की सैनिकाला आध्यात्मिक सेवेचा आणि निर्वेध उपासनेचा हक्क आहे, आणि उपासनेला हजेरी ऐच्छिक आहे. नवव्या कलमाप्रमाणे शपथेतलं ‘देव मला साहाय्य करो’ गाळता येतं. ऐच्छिक हजेरीचं ते एक वाक्य आपल्याकडे असतं तर हा खटला उभाच राहिला नसता. पण जर्मन पलटण देवळाभोवती बांधलेली नाही, आपली बऱ्याच अंशी आहे, हेही खरं. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत चढणाऱ्या मराठ्यांना जे बांधून ठेवतं ते कलमाने येत नाही. म्हणून लष्कराचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. फक्त एवढं म्हणेन, की तुकडीबरोबर हजेरी सक्तीची आणि हाताने करायची पूजा ऐच्छिक, असं नियमात लिहिलं तर एकीला ओरखडाही येणार नाही. टिकण्याचं म्हणाल तर जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ लष्करप्रमुख होते, आणि गंगासागरला ३ डिसेंबर १९७१ ला पडलेले, परमवीरचक्र मिळालेले लान्स नाईक आल्बर्ट एक्का ख्रिस्ती आदिवासी होते. टिकतो. पुढे.

बिल्ल्याचा प्रश्न इथे टपालाने घरी येतो. १ जानेवारी २०२६ पासून, २००८ किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येक जर्मन मुलाला अठरा झाल्यावर लष्कराची प्रश्नावली भरणं सक्तीचं आहे, मुलींना ऐच्छिक. पासपोर्ट जर्मन असेल तर खिशात ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असून फरक पडत नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर प्रश्नावली लागू नाही. सेवा तूर्त स्वेच्छेची आहे, सक्ती आणायची तर संसदेला पुन्हा कायदा करावा लागेल. कोकणी घरांत हमखास होणारी चूक अशी: प्रश्नावलीत ‘इच्छा नाही’ असं भरलं की सुटलो, असं समजतात. तसं नाही. शस्त्र धरायला सदसद्विवेकबुद्धीने नकार देणं हा राज्यघटनेच्या ४ थ्या कलमातला वेगळा हक्क आहे आणि त्याचा अर्ज वेगळा. त्यात सही केलेलं पत्र, जीवनक्रम, आणि स्वतःची सविस्तर कारणमीमांसा लागते. तो लष्कराच्या भरती केंद्राकडे जातो, निर्णय मात्र कोलोनमधलं नागरी कार्यालय देतं. कारणमीमांसा हाच अर्जाचा जीव. इंटरनेटवरून उतरवलेली, ‘युद्ध वाईट असतं’ छापाची, किंवा दहा आज्ञांची यादी देऊन थांबणारी कारणं कच्ची पडतात. आज्ञा मुलाच्या स्वतःच्या जगण्यात कुठे टोचली ते लिहावं लागतं. वडिलांनी लिहिलेलं लगेच कळतं, आणि आपल्याकडे वडीलच लिहितात.

यात कॅथलिक मुलासाठी एक खोच आहे, जी जर्मन फादरही पटकन सांगत नाहीत. जर्मन न्यायालयांनी १९६० पासून धरलंय की नकार सगळ्याच युद्धांना हवा. ‘हे युद्ध नको’ असं चालत नाही. आणि कॅथलिक शिकवण नेमकी उलट चालते: मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत अक्विनासच्या तीन कसोट्या, म्हणजे योग्य सत्ता, न्याय्य कारण, शुद्ध हेतू, लावून हे युद्ध की ते युद्ध हे तपासायला सांगते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही शिपायांना नोकरी सोडा म्हटलं नाही, लुबाडू नका आणि पगारात समाधान माना म्हटलं. हिटलरच्या युद्धाला नकार दिला म्हणून ९ ऑगस्ट १९४३ ला ज्याचा शिरच्छेद झाला, तो ऑस्ट्रियन शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर आधी लष्करी प्रशिक्षण घेऊन आला होता. त्यालाही बिशपांनी घरच्यांचा विचार कर म्हणून समजावलं होतं, आणि २००७ मध्ये त्याच चर्चने त्याला धन्य घोषित केलं. आजच्या जर्मन अर्जाच्या चौकटीत तो बसला असता का, मला शंका आहे.

गावाकडे हा अर्जच नाही, कारण भरती ऐच्छिक आहे. एकदा आत गेल्यावर सदसद्विवेकाचं दार कायद्यात नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची पोरं पहाटे १.६ किलोमीटर धावतात, दहा पुल-अप्सचा सराव करतात, अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात, त्यातला फार तर चौथा हिस्सा पुढे राहतो. त्यांच्या दृढीकरणाच्या वर्गात ‘खून करू नको’ ही आज्ञा बंदुकीच्या घोड्यापर्यंत कधी पोचते का? शपथेच्या परेडला ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर हात ठेवायला मिळतो, तेव्हा हा मुलगा बायबलवर हात ठेवेल. आरतीचं ताट हातात आलं तर काय करायचं यावर त्याला गावभर सल्ले मिळतील. समोरच्यावर नेम धरायची वेळ आली तर काय, हे ज्याच्याकडे विचारायला जावं तो फादर त्या वेळी फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मंडपाचं बघत असतो.