साखर-मीठ-पाण्याला शोध म्हणायचं का, म्हणे!

डोकं अजून तडकलेलंच आहे. कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, दूध आटेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून कमिटीने वादविवाद ठेवला होता, विषय होता खेळ, कला, तंत्रज्ञान यातली इतिहासातली सगळ्यात मोठी झेप कुठली. विषय मस्त होता, मी रात्री जागून वाचून गेले होते. उभी राहिले, डॉक्टर दिलीप महालानबीस एवढं नाव घेतलं, ओआरएस म्हटलं, म्हणजे जुलाबात पाजायचं ते मीठ-ग्लुकोजचं पाणी, आणि पहिल्या रांगेतले काका, पार्किंगच्या मीटिंगमध्येही जे कोणाला वाक्य पूर्ण करू देत नाहीत तेच, खुर्चीत रेलून म्हणतात, "अहो ताई, साखर-मीठ-पाण्याला शोध म्हणायचं का? आमची आजी द्यायची ते." आणि अख्खी गच्ची हसली!!

आजी द्यायची?? काका, तुमच्या आजीच्या गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर काढायचे, कारण दुसरं काही हातात नव्हतं आणि घरंच्या घरं रिकामी व्हायची. १९७१ ला आताच्या बांगलादेशातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आपल्या बंगालात आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, माणसं जमिनीवर जुलाब-उलट्यांत पडलेली, आणि या महालानबीस डॉक्टरांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून मोजून पुड्या करायला लावल्या, ते ड्रममधल्या पाण्यात कालवलं आणि नातेवाइकांच्याच हातात पेले दिले की पाजत राहा. तिथे शंभरातले तीसेक मरत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. नर्स नाही, सुई नाही, आईने मुलाला पाजायचं आणि मूल वाचायचं!

आणि ते नुसतं साखर-मीठ नाही हो! कॉलऱ्यात साधं पाणी पाजलं तर ते अंगी लागत नाही, तसंच बाहेर पडतं. पण ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरताना सोडियमला सोबत घेऊन जातं आणि त्या दोघांच्या मागे पाणी आत जातं, आणि हा रस्ता कॉलऱ्यातही उघडा राहतो. हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. साखर जास्त पडली तर जुलाब उलट वाढतात, म्हणजे सगळा खेळ प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण कुठल्याच आजीला माहीत नव्हतं. १९७८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की ग्लुकोज-सोडियमची ही जोडी सापडणं हा कदाचित या शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. महालानबीस २०२२ ला गेले आणि पद्मविभूषण २०२३ ला जाहीर झालं, मरणोत्तर. तोवर देश झोपला होता का? आणि आता गच्चीवर त्यांच्या नावाला हसायचं!

हे सगळं मला बोलायचं होतं. बोलू दिलं नाही, "ताई, वेळ संपली."

बक्षीस कोणाला मिळालं माहितीये? मोबाईलवर आलेलं फॉरवर्ड जसंच्या तसं वाचून दाखवणाऱ्याला! १८९५ ला शिवकर बापूजी तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं आणि इंग्रजांनी ते दाबलं. टाळ्याच टाळ्या. अरे पुरावा कुठेय? ज्या वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथाचं नाव त्या फॉरवर्डमध्ये घुसडतात, त्यातली विमानं बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेतल्या इंजिनिअर लोकांनी १९७४ ला तपासली आणि सरळ सांगितलं की ही उडूच शकत नाहीत. तिकडे राइट बंधूंनी सायकलच्या दुकानात बसून १९०१ ला स्वतःचा वाऱ्याचा बोगदा (विंड टनेल) बनवला, पंखांचे कितीतरी आकार त्यात तपासले, हलकं इंजिन कोणी देईना म्हणून चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने ते दुकानातच घडवलं, आणि १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण झालं १२ सेकंदांचं. एवढ्या खटाटोपानंतरचे १२ सेकंद! यातलं एक अक्षर कोणाला ऐकायचं नसतं. नाव सांगा, आपलं की परकं ते सांगा, टाळ्या वाजवा, दूध प्या.

आणि हे गच्चीपुरतं नाहीये. ऑफिसखालच्या अमृततुल्यवर रोज सचिन मोठा की विराट हेच दळण. खेळातली झेप म्हणून मी उंच उडीवाल्या डिक फॉस्बरीचं नाव काढलं तर एक जण म्हणतो, उलटी उडी मारली त्यात काय विशेष. विशेष हे की आधी पडायला वाळू नाहीतर भुसा असायचा, त्यात पाठीवर पडला असता तर मान मोडली असती, म्हणून सगळे पायांवर उतरता येईल अशाच उड्या मारायचे. मग फोमच्या जाड गाद्या आल्या, आणि आता पाठीवर पडलं तरी चालतं हे या पोराने ओळखलं, १९६८ ला मेक्सिकोत २.२४ मीटरला सुवर्ण नेलं, आणि आज उंच उडी मारणारे झाडून सगळे तशीच मारतात. आणि परकं नको असेल तर कुस्तीतले खाशाबा जाधव घ्या ना! लाल मातीत वाढलेला कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी, १९४८ ला लंडनला मॅटवर उतरून सहावा येतो आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेऊन येतो, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि आमच्या क्विझमध्ये उत्तर काय धरतात? लिअँडर पेस, १९९६!! तिथेही मी भांडले होते.

हिंजवडीतला भाचा वेगळाच. मावशी, एआय आलं, आता आधीचं काही मोजायचं नाही. आणि वर आपल्याकडे काय झालंय म्हणे. अरे, नारायणगावला मिसळ खायला जातोस ना, तिथून खोडदला जा जरा! तिथे आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी आहे, आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण. पैसे कमी होते म्हणून खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या लोकांनी भरीव पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी दोरांवर ताणून तबकड्या केल्या, वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मागतात आणि हा मिसळ खाऊन परत येतो.

पेनिसिलिनचं पण तेच, फ्लेमिंग म्हटलं की विषय संपला. त्याला बुरशी दिसली १९२८ ला, पण औषध म्हणून दहा-बारा वर्षं ते फारसं कोणाच्या कामी आलं नव्हतं. ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेनबरोबर नॉर्मन हीटली होता, त्याने युद्धाच्या तंगीत हॉस्पिटलच्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवली. १९४१ ला पहिला रुग्ण, एक पोलिस, बरा व्हायला लागला आणि औषध संपलं, त्याच्या लघवीतून परत काढून टोचलं तरी पुरलं नाही, तो गेला. १९४५ चं नोबेल तिघांना, हीटलीला काही नाही. पिंपरीला एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनीवरून रोज बसने जाता ना, १९५४ ला ती कंपनी पेनिसिलिन बनवायलाच उभी राहिली. माहितीये कोणाला?

कलेचं तर बोलायलाच नको. प्रभात रोडवर राहणारी माणसं मला विचारतात प्रभात म्हणजे काय. अरे, प्रभात फिल्म कंपनी! फाळके म्हटलं की भारतीय सिनेमाचे जनक, १९१३, राजा हरिश्चंद्र, बास. त्या घरात त्यांची बायको सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला हाताने भोकं पाडत होत्या, फिल्म धुवायला मदत करत होत्या आणि वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या. ही झेप त्यांची नाही? दर ३ मेला फाळक्यांच्या फोटोला हार घालून भाषणं ठोकता, त्यात त्या बाईचं नाव का घेत नाही, ते सांगा मला आधी.