मागून येणारा टेम्पो

मुंबईत चढ म्हणजे पूल. त्याहून मोठा चढ हवा असेल तर पेडर रोड. मी ठाकुरद्वारचा माणूस, त्यामुळे माझा हिमालय तोच. डिसेंबरातल्या तीन दिवसांच्या हौशी सायकल शर्यतीत नाव घातलं आणि रोज पहाटे केम्प्स कॉर्नरचा पूल, पेडर रोड, परत पूल असे फेरे सुरू केले. सहाव्या फेरीला नाक्यावरच्या हवालदाराने हात केला.

"काय हरवलंय का साहेब?"

म्हटलं, सराव चाललाय. महाडहून वरंधा घाटाने भोर, दुसऱ्या दिवशी मांढरदेवमार्गे वाई आणि पाचगणी, तिसऱ्या दिवशी आंबेनळी घाट. त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"मी वाईचाच. पसरणीच्या घाटाला जपा हां."

पोलीस इतक्या मायेने बोलतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सायकलच्या दुकानातला पोरगाही मायाळूच होता. म्हणाला, "काका, मागे ३४ दातांची कॅसेट घ्या, घाटात बरी पडेल." कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं. माझं पुढचं लहान चक्र ३४ दातांचं, मागचं मोठं २८ चं, हे मला पुरेसं वाटत होतं. 'काका' नसतं म्हटलं तर कदाचित ऐकलंही असतं. आता हिशेब सांगतो. ३४ ला २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. घाटात माझा वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४० फेरे. जाणकार लोक ८०-९० मारतात. माझं एकेक पॅडल म्हणजे पाटा-वरवंट्यावरचं वाटण होतं.

चड्डीचं प्रकरण त्याआधीचं. या चड्डीला आतून उशी शिवलेली असते आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. घातलं की शिवण घासते. बायकोने ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. "ही आतली की बाहेरची?" "दोन्ही," म्हटलं. धुऊन गॅलरीत वाळत घातली, तर समोरच्या काकूंनी हाक मारून विचारलं, "घरी बाळ आलंय का गं कुणाचं?"

असो. महाडला पहाटे दीडशेजण उभे होते. शिट्टी झाली आणि पाचच मिनिटांत माझ्या पुढे कुणी नव्हतं. मागेही नव्हतं. होता फक्त एक टेम्पो.

तूर द फ्रान्स या फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, थकलेल्यांना गोळा करत. तिला खराखुरा झाडू बांधायची पद्धत होती म्हणून ती झाडूगाडी. आमच्या टेम्पोला झाडू नव्हता. पुढे लिंबू-मिरची होती आणि आत तंबाखू मळणारा ड्रायव्हर. त्याची माझी पुढे तीन दिवस जी सोबत झाली, तेवढी लग्नानंतर कुणाची झाली नसेल.

वरंध्यात वाघजाईच्या देवळाशी भजीच्या टपऱ्या आहेत. नेमकी तिथेच माझी चेन उतरली. मी खाली बसतोय तोवर कढईपाशी बसलेल्या मावशी झारा टाकून आल्या. "आधी पाणी प्या. तोंड बघा काय झालंय." त्यांच्या पोराने काळ्याकुट्ट चेनला हात घालून ती क्षणात चढवली, आणि मी नको-नको म्हणेपर्यंत कागदावर चार भजी आली. नाही कसं म्हणणार? वर तो पोरगा वीसेक पावलं मला मागून ढकलत आला. वळणावर शर्यतीचा मोटरसायकलवाला मार्शल उभाच होता. बाहेरची मदत घेतली, दहा मिनिटं दंड.

हा नियम ज्याने केला तो आपल्या घाटांतून कधी गेला नसावा. इथे मदत घेतली नाही तर लोकांना राग येतो. पण नियम जुना आहे. १९१३ साली तूर द फ्रान्समध्ये युजीन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा काटा डोंगरात मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोन् मैल चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने काटा सांधला. तरी दंड झालाच, का तर भाता एका पोराने मारला म्हणून. त्याला कुणी भजी दिल्याची नोंद नाही. तेवढ्यापुरता मी पुढे.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट. शाहीर साबळ्यांचं गाव मागे पडलं आणि माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. टेम्पो पहिल्या गिअरवर शेजारी आला.

"काका, बसा की. सीट रिकामीय. एसी नाय, पण वारं येतंय."

"नको."

"तुमचं ठीकाय हो. माझा क्लच जळतोय. एवढं हळू चालवायची सवय नाय."

एवढ्यात मागून एसटी आली. घाटात एसटी शेजारून जाऊ लागली तर अनुभवी माणूस रस्त्याची कड धरतो, कारण प्रत्येक गाडीत एकजण तरी खिडकीबाहेर डोकं काढून मोकळा होत असतो. मला हे ठाऊक होतं. पण कड धरायची म्हणजे हँडल वळवायचं, आणि हँडल वळवायला ताकद लागते. पुढचं सांगत नाही. ड्रायव्हरने खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ही बाहेरची मदत होते का, ते मी त्याला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरपर्यंत उतरायचं आणि त्याच वाटेने परत साडेतेराशे मीटरवर यायचं. चाळीस किलोमीटर ब्रेक दाबून बोटं अशी वाकडी झाली, की खाली केळं सोलायलाही मार्शलला द्यावं लागलं. (हे दंडात धरलं नाही. मार्शल घरचा.)

परतीचा चढ सुरू झाला. ऊन चढलं. प्रत्येक वळणापलीकडे आणखी एक वळण. ड्रायव्हरने बोलवायचं सोडून दिलं होतं. तो नुसताच घरघरत मागे होता. वाडा कुंभरोशी गेलं आणि मागची घरघर बंद झाली. जळका वास आला. वळून पाहिलं तर टेम्पो रस्त्याच्या कडेला, बॉनेटवर हात ठेवून ड्रायव्हर.

"गेला," तो म्हणाला. "बोललो होतो ना. काका, इथे रेंज नाय. वर पोचलात की सांगा त्यांना, मेकॅनिक पाठवा म्हणावं."

आता थांबायची सोय उरली नाही. माझ्यावर माणूस अवलंबून होता. तो घाट मी कसा चढलो मला आठवत नाही. तोंडाने मात्र निरोप घोकत होतो, क्लच गेला, क्लच गेला. महाबळेश्वरात शेवटच्या रेषेची कमान अर्धी उतरवली होती. दोन पोरं खुर्च्या एकात एक घालत होती. मी त्यांच्यासमोर सायकलसकट कलंडलो.

"क्लच... गेला..."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण माझ्याजवळ उकिडवा बसला, हेल्मेट काढलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, सायकलला क्लच नसतो."