एकूण टक्के : एकशे तेहतीस

संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप मिळाली म्हटल्यावर मैत्रिणींचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता गायक भेटणार?" मी मोघम हसले, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. प्रत्यक्षात इतकं शांत कार्यालय मी दुसरं पाहिलेलं नाही. सगळे कानाला हेडफोन लावून बसलेले असायचे. त्यांत काही वाजत नसायचं. इंटर्ननं प्रश्न विचारू नयेत, एवढ्याचसाठी ते होते.

संगीत तिथे होतं, पण एक्सेलमध्ये. शीर्षक, गीतकार, संगीतकार, प्रकाशक आणि गाणं वाजल्यावर मिळणाऱ्या पैशांत प्रत्येकाचा टक्का. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी धडा दिला : गाणं ही एक वस्तू नाही, दोन आहेत. एक रचना आणि दुसरं तिचं रेकॉर्डिंग. रचनेला आयएसडब्ल्यूसी क्रमांक, जो 'टी' या अक्षराने सुरू होतो. रेकॉर्डिंगला आयएसआरसी, तो बारा अक्षर-अंकांचा. शिवाय रचना करणाऱ्या माणसाला आयपीआय क्रमांक वेगळाच. एकच रचना पन्नास जणांनी रेकॉर्ड केली, तर आयएसआरसी पन्नास आणि आयएसडब्ल्यूसी एक.

"आणि गायक?" मी आशेने विचारलं.

"गायक आपल्याकडे नसतात. ते रेकॉर्डिंगच्या बाजूला. त्यांची संस्था वेगळी."

मैत्रिणींना हे अजून सांगितलेलं नाही.

माझ्या वाट्याला 'वाद' नावाचं फोल्डर आलं. एका रचनेतल्या सगळ्यांच्या हिश्श्यांची बेरीज शंभर यायला हवी, हा या धंद्याचा एकमेव निर्विवाद नियम. आणि ती शंभर येत नाही. संगीतकाराने पन्नास टक्के नोंदवलेले असतात, गीतकाराने पन्नास, आणि वर एक तिसरे गृहस्थ तेहतीस मागत असतात. त्यांना मी फोन करून विचारलं की रचनेत आपलं योगदान नेमकं काय? ते म्हणाले, "कडव्याआधी ढोल थांबवा, असं मीच म्हणालो होतो. थांबवला म्हणून तर गाणं चाललं!" यावर काय उत्तर देणार? मी रेकॉर्डिंग ऐकलं. ढोल थांबतो, हे खरं आहे.

वाद मिटेपर्यंत वादातली रक्कम अडवून ठेवतात. त्यामुळे तिघेही एकमेकांशी बोलत नव्हते, पण माझ्याशी भरपूर बोलत होते. गीतकार मला सांगायचे, "त्यांना विचारा, मुखडा आधी कोणी लिहिला?" मी संगीतकारांना विचारायचे. ते म्हणायचे, "यांना विचारा, शब्द चालीवर बसत नव्हते तेव्हा कोण बसवत होतं?" घटस्फोटाच्या वकिलाला निदान फी तरी मिळते. शेवटी तिघांनीही समान वाटणी मान्य केली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस. उरला एक टक्का. त्यावरून ईमेलची नवी मालिका सुरू झाली. मग मॅडमनी सुचवलं, दशांशात लिहा : ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४. शून्य पूर्णांक एक शतांश टक्का कोणाला द्यायचा, हा प्रश्न मी नोकरी सोडेपर्यंत प्रलंबित होता. ढोलवाल्यांना मिळावा, असं माझं खासगी मत आहे.

याशिवाय मी लोकांच्या मृत्यूच्या तारखा शोधायचे. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार रचनेला संरक्षण मिळतं ते रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर किमान पन्नास वर्षं. बऱ्याच देशांत सत्तर. दोघांनी मिळून रचना केली असेल, तर मोजणी शेवटचा माणूस गेल्यापासून सुरू होते. म्हणजे गीतकार नव्वदी पार करतो आणि त्याचा फायदा संगीतकाराच्या नातवंडांना होतो! एका वारसांनी फोनवर सहरचनाकाराच्या तब्येतीची ज्या आपुलकीने चौकशी केली, ती मी विसरणार नाही.

दुकानदारांचे फोन वेगळे. "आम्ही फक्त रेडिओ लावतो, रेडिओवाल्यांनी पैसे भरलेत ना?" भरलेत, पण प्रसारणाचे. गिऱ्हाइकांसमोर वाजवणं हा निराळा वापर, आणि त्याची परवानगीही बहुतेक ठिकाणी निराळी. हे शांतपणे सांगायचं असतं. शांतपणे सांगून ते कोणाला पटल्याचं मला आठवत नाही. पटावं म्हणून मी पॅरिसची गोष्ट सांगायचे. १८४७ मध्ये एर्नेस्त बुर्जे नावाचा रचनाकार तिथल्या एका कॅफेत बसला होता आणि वाद्यवृंद त्याचीच रचना वाजवत होता. बिल आल्यावर तो म्हणाला, तुम्ही माझ्या संगीताचे पैसे देत नाही, मीही तुमच्या साखरपाण्याचे देणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं, बुर्जे जिंकला आणि १८५१ मध्ये सासेम ही हक्कसंस्था उभी राहिली. एका दुकानदाराने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "मग बिल भरलं कोणी?"

आणि उरलेल्या वेळात 'जुळत नाही' ही यादी. रेडिओ, वाहिन्या, हॉटेलं काय वाजवलं ते कळवतात, पण कसं? शीर्षक : 'ट्रॅक ०१ फायनल नवीन'. रचनाकार : 'विविध'. एकच संगीतकार कुठे पूर्ण नावाने, कुठे आद्याक्षरांनी, कुठे आडनावातला एक काना हरवून. संगणकाच्या लेखी ती तीन माणसं, आणि त्यांतल्या दोघांचे पैसे घ्यायला कोणी येत नाही.

एका दुपारी एका ज्येष्ठ संगीतकारांचा फोन आला. आवाज चढलेला. इतकी वर्षं धुना करतोय, पैसे कुठे आहेत? मी म्हटलं, "सर, एक मिनिट, बघून सांगते," आणि त्यांना होल्डवर टाकलं. परत आले तर ते एकदम मवाळ.

"ताई, होल्डवर वाजते ती धून कोणाची आहे?"

"माहीत नाही, सर."

"माझी आहे. परत लावा जरा, शेवट ऐकायचा राहिला."

मी पुन्हा होल्ड दाबलं आणि धून शोधायला घेतली. ती 'जुळत नाही'मध्ये होती. शीर्षक : 'होल्ड २'. रचनाकार : 'विविध'. वापर कळवणारी संस्था : आम्हीच.