कार्ड बसलं, पण चालेना : देवगडच्या वाचकदादांना उत्तर

दादा, तुमचं गाऱ्हाणं वाचलं. बागेच्या हिशेबाच्या विंडोज एक्सपीवाल्या पीसीला तुम्ही यूएसबी ३.० चं कार्ड लावलं, ते स्लॉटात मापात बसलं, पण पेनड्राइव्हचा दिवासुद्धा लागेना. म्हणून जुन्या पीसीला असं कार्ड लावण्यावरचा माझा लेख दिशाभूल करणारा आणि असले डबे भंगारात देण्याच्याच लायकीचे, असं तुमचं म्हणणं.

मला हे पटत नाही. मायक्रोसॉफ्टने यूएसबी ३.० ची अंगभूत सोय दिली ती विंडोज ८ पासून. त्याआधी सगळी भिस्त कार्डावरची चिप बनवणाऱ्याच्या ड्रायव्हरवर (म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून टाकायच्या सॉफ्टवेअरवर), आणि एक्सपीसाठी तो प्रत्येकाने काढलेला नाही. एनईसी या जपानी कंपनीच्या सुरुवातीच्या ३.० चिपला तो मिळतो. खोक्यावरचं नाव सोडा, चिपवरचा नंबर वाचा, असं लेखात म्हटलं होतं ते याचसाठी.

पण दिवाच लागत नाही म्हणजे आधी वीज बघा. तुमच्या फोटोत कार्डाच्या मागच्या कडेचं पांढरं चार पिनांचं सॉकेट मोकळं दिसतंय. तुमचं कार्ड ज्यात बसलंय त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटातून १२ आणि ३.३ व्होल्ट येतात. यूएसबीला लागणारे ५ येतच नाहीत. बरीच कार्डं ते एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, लाल वायरीतून घेतात. पीसी बंद करून तिथे मोलेक्स, म्हणजे त्या डब्यातून येणारा चार पिनांचा प्लग, जोडा. कॅबिनेट उघडलंच आहे तर कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. आपल्याकडची खारी हवा पावसाळ्यात काही सोडत नाही.

वेगाबद्दल म्हणाल, तर पहिल्या पिढीच्या एक्सप्रेसची एक लेन (डेटाची एक वाट) सेकंदाला २५० एमबीच देते, म्हणजे ३.० च्या निम्मंच. पावत्यांच्या बॅकअपला एवढं कोणाला लागतंय? कार्डावरच्या पोर्टवरून विंडोज टाकायला मात्र जाऊ नका, जुन्या बायोसला (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) ते पोर्ट सहसा दिसत नाहीत.

भंगाराचं म्हणाल, तर ज्याच्या पॅरलल पोर्टवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून बिलं काढतोय तो पीसी मी तरी देणार नाही. फक्त त्याला नेट जोडू नका, एक्सपीचे अपडेट २०१४ मध्येच थांबले.

मोलेक्स जोडून, ड्रायव्हर शोधूनही जमलं नाही, तर दुकानदाराकडून कार्ड बदलून घ्या. साध्या, म्हणजे एक्सप्रेसच्या आधीच्या, पीसीआय स्लॉटाचं यूएसबी २.० चं मागा. एक्सपी सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा एकत्रित अपडेट) किंवा त्यापुढचं असेल तर त्याला वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही.