बारा वर्षांच्या पोरीला सुरकुत्या?

काल साधं मॉइश्चरायझर आणायला गेले होते. हात फुटलेत, एवढंच. मी तोंड उघडायच्या आत काउंटरवरच्या मुलीने माझ्या गालाला कसलंसं यंत्र टेकवलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "मॅडम, तुमच्या स्किनचं वय एकसष्ट आलंय." मी सत्तेचाळीसची आहे! विचारलं होतं का मी? तरी गप्प बसले. मग तिची नजर माझ्या भाचीवर गेली. "हिलाही आत्तापासूनच रेटिनॉल सुरू करा ना."

भाची बारा वर्षांची आहे. बारा! रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांवर लावायचं 'अ' जीवनसत्त्वाचं द्रव्य. त्या कोवळ्या कातडीला ते लावलं तर ती लाल होते, सोलते, वर उन्हाला आणखी हळवी होते. हे त्या विकणाऱ्या मुलीला कुणी शिकवत नाही, घाबरवायला तेवढं बरोबर शिकवतात.

आणि ती कोलॅजन क्रीमं! कोलॅजन म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन. त्याचा रेणू एवढा मोठा असतो की कातडीच्या आत शिरतच नाही, वरच बसून राहतो. उलट सनस्क्रीनची ऑस्ट्रेलियात ९०० हून जास्त लोकांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या नाहीत. साधं सनस्क्रीन! ते कुणी गालाला यंत्र लावून विकत नाही.

'वय दिसत नाही हो तुमचं' हे कौतुक तर मला मुळीच सहन होत नाही. का दिसू नये? जगलेय मी ती वर्षं.

म्हातारपण टाळायचं आणि किंमत पोरांनी मोजायची, हे ययातीपासूनचं आहे. त्याने पुरूचं तारुण्य घेतलं, पण निदान मुलांना विचारून घेतलं, आणि हजार वर्षं भोगूनही वासना शमत नाही हे कबूल करून परत केलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका धनाढ्याने स्वतःच्या सतरा वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, अंगात भरून घेतला. फायदा काहीच दिसला नाही, हे त्यानेच नंतर सांगितलं. तरुण रक्ताच्या असल्या उपचारांपासून सावध राहा, असं तिथल्या औषध प्रशासनाने २०१९ मध्येच बजावलं होतं. ऐकतं कोण!

रात्री भाची आरशासमोर उभी होती. कपाळाला आठ्या घालायची, मग बोटाने ताणून बघायची. मला म्हणाली, "मावशी, ही रेघ आधीपासून होती का गं?"