खुलासा: लयकारिका म्हणजे पेशीचा कचरा डेपो नव्हे

‘पेशी म्हणजे आपलं कोल्हापूर’ असा एक तक्ता सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. केंद्रक म्हणजे महापालिका, रिक्तिका (पेशीतली साठवणीची पिशवी) म्हणजे रंकाळा तलाव, लयकारिका (लायसोसोम, पेशीतली पचवणारी पिशवी) म्हणजे कचरा डेपो. कल्पना झकास आहे, पण डेपोशी गाडी अडते.

डेपोत कचरा साठतो. लयकारिका तो फोडते. तिच्या आत पीएच ५ च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी वातावरण असतं. तिथली विकरं (एन्झाइम) झिजलेल्या तंतुकणिका (श्वसनातून ऊर्जा देणारे पेशीचे भाग), गिळलेले जिवाणू यांचे तुकडे करतात आणि निघालेली अमिनो आम्लं, शर्करा पेशी पुन्हा वापरते. तक्त्यात जागा बदलायचीच तर गुजरी (आपला सराफ बाजार) लिहा, जिथं जुना डाग, म्हणजे दागिना, आटवून त्याच सोन्याचा नवा घडवतात. पेशी स्वतःचेच भाग असे कसे मोडून वापरते, हे यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे यीस्टमध्ये हे काम रिक्तिकाच करते. घ्या, रंकाळा आणि डेपो एकाच जागी!

तक्त्याखालची ‘वनस्पतींत हरितलवकं असतात, म्हणून तंतुकणिका नसतात’ ही ओळ मात्र साफ चूक. शिरोळच्या उसाच्या हिरव्या पानातही दोन्ही असतात. रात्री हरितलवकांतलं प्रकाशसंश्लेषण थांबतं, तंतुकणिकांतलं श्वसन थांबत नाही.

आणि ‘महापालिकेशिवाय पेशी चालत नाही’? आपली पक्व तांबडी रक्तपेशी केंद्रकाविना सुमारे १२० दिवस चालते.