काहून वो, पैसे सरले काय?

आमच्या ओट्याचा कडप्पा मधोमध तडकला, त्या दिवशी घरात दुःख झालं ते फक्त सासूबाईंना. मी तोंड पाडून उभी होते, पण आतून उकळ्या फुटत होत्या. बावीस वर्षं त्या काळ्या फरशीवर पोळ्या लाटल्या. लिंबाचा थेंब पडला की पांढरा डाग, आणि काळ्यावर काळं झुरळ हाताला लागेपर्यंत दिसायचं नाही.

त्यात मोबाइलवर एक व्हिडिओ पाहण्यात आला. राखाडी, एकसंध, घोटून गुळगुळीत केलेला काँक्रीटचा ओटा, आणि त्यावर एकच एक लिंबू. त्या घरात कोणी वांग्याची भाजी फोडणीला टाकत नसणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मिस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी कानामागची पेन्सिल काढून परत कानामागे ठेवली.

"वरून काय टाकाचं, वहिनी?"

"काही नाही. काँक्रीटच."

"म्हंजे गव्हाण."

दुपारपर्यंत बातमी गावभर. दळण न्यायला गेले तर चक्कीवर पहिलाच प्रश्न, "काहून वो, पैसे सरले काय?" आमच्याकडे सिमेंट उघडं दिसणं म्हणजे काम अर्धवट राहिल्याची खूण. कापूस चांगला विकला गेला की त्यावर फरशी येते. यांच्या साडूकडे ग्रॅनाइट, तेही चकाकणारं, त्यामुळे हे तर दोन दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं. "हा तं कोबा होय," त्या म्हणाल्या. "सासऱ्याच्या घरी लाल कोबा होता. घासघासून माये गुडघे गेले. तो काढाले मी पंधरा वर्षं भांडली, आन तू मोबाइलात पाहून परत आणून राह्यली!"

मी म्हटलं, आधी नमुना करू. संक्रांतीच्या सुमारास मिस्त्रींनी फूटभर लांबी-रुंदीचा, दोन इंच जाडीचा तुकडा ओतून दिला. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग बारीक गिट्टी. महिनाभर तो मुरू दिला. मग अर्ध्या भागाला सीलर, म्हणजे बारीक छिद्रं बुजवणारा लेप, लावलं, अर्धा कोरा ठेवला आणि परीक्षा घेतली. तेल कोऱ्या भागात जे शिरलं ते आजतागायत आतच आहे. लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले आणि घोटाई उडून खरखरीत कडं उमटलं. चिंचेच्या कोळानं तेच केलं, अंबाडीच्या भाजीनंही. व्हिडिओतलं ते लिंबू अख्खं का होतं, ते तेव्हा उमगलं. सीलरच्या बाजूनं बराच दम धरला.

पण हळद! आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले. वायगावची हळद इथलीच, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि रंगाला अशी की डब्याचं झाकण उघडलं तरी बोटं पिवळी. रात्रभर ठेवली, तर सीलरवर फिकट पिवळा डाग आणि कोऱ्या भागावर चक्क लाल. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, आणि सिमेंट म्हणजे चुनाच की. सासूबाईंनी काही न बोलता तुकडा उचलून गच्चीवर उन्हात ठेवला. तीन दिवसांत डाग जवळजवळ उडाला.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "उन्हात टाकलं का हळद जाते. आता सांग, ओटा गच्चीवर कोन नेईन?"

मी गुपचूप हिशेब केला. दोन इंची काँक्रीट चौरस फुटाला अकरा किलोच्या आसपास भरतं. दहा बाय दोनचा ओटा म्हणजे सव्वादोन क्विंटल. कापसाचं गाठोडं असतं तर यांनी नेलं असतं.

खरं तर इथेच ग्रॅनाइटवर यायला हवं होतं. त्याला लिंबाची भीती नाही, हळदही ओल्या फडक्यानं पुसली जाते. पण चक्कीवर एवढी उत्तरं देऊन झाल्यावर माघार कोणत्या तोंडानं घ्यायची? एप्रिलमध्ये ओटा ओतला.

आणि तराई सुरू झाली. ओलं पोतं अंथरायचं, ते सुकायच्या आत परत पाणी. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, पोतं तासाभरात पापडासारखं. मिस्त्री सांगून गेले होते, "सुकला तं तडकला." कमीत कमी सात दिवस म्हणाले, मी चौदा दिवस केली. लेकरांना तापात मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतात तशी मी रात्री दोनला उठून ओट्याची पट्टी बदलत होते. विहीर तळाला गेलेली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "आमाले प्याले पानी नाही, आन तुमचा ओटा पिऊन राह्यला." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

काँक्रीट मुरायचे अठ्ठावीस दिवस भरले. चूल अंगणात, शेगडी पडवीत, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात कोणाला मसाल्याचा डबासुद्धा नेऊ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सीलर लावायचं ठरलं होतं. मी हाश्शहुश्श करून आंघोळीला गेले.

परत येते तर सासूबाई नवं लुगडं नेसून ओट्यापुढे उभ्या. नारळ फुटला होता, त्याचं पाणी ओट्यावर शिंपडलं होतं आणि वाटीत कालवलेल्या ओल्या हळदीनं भलं मोठं स्वस्तिक काढून झालं होतं. हळद वायगावचीच. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या वळून कुंकवाची डबी शोधायला लागल्या, तोवर स्वस्तिकाच्या कडा लालसर व्हायला लागल्या होत्या.

त्यांनी डबी परत कोनाड्यात ठेवली.

"पाह्य वो," कौतुकानं ओट्याला हात लावून त्या म्हणाल्या, "कुंकू आपल्या हातानं लावून घेतलं त्यानं. गुनाचा हाय."